किती रात्री

नाणं उडालं.
किसुमूच्या त्या शाळेत, जिथल्या पत्र्यावर
दिवसभर करकोच्यांची नखं वाजतात,
माझ्या वाट्याला ठरावाची बाजू आली:
सरोवर चार महिने मासेमारीला बंद असावं.

तयारीला पंचवीस मिनिटं.
पहिली दहा मी पेन्सिलीला टोक काढण्यात घालवली.
जोडीदारीण म्हणाली, अपोंडी, लिही काहीतरी,
हे खरं थोडंच आहे, खेळ आहे.
खेळच. मला माहीत होतं.
पायातले बूट मात्र त्याच सरोवरातून आलेले,
बोटाएवढ्या चंदेरी ओमेनातून,
जी आई वाळूवर जुनी जाळी अंथरून सुकवते
आणि कुत्र्यांना खडे मारत राखते.

समोर किरागू. नैरोबीचा. बाहीवर इस्त्रीची धार.
त्यानं माझं भाषण केलं.
म्हणजे नाणं उलटं पडलं असतं
तर मी केलं असतं, ते.
"चार महिने चूल कशानं पेटवायची?" त्यानं विचारलं,
आणि हात असा रिकामा पसरला
की मागच्या रांगेतल्या बाईंनी डोळे टिपले.
उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणायची सोय नव्हती.
मुद्दे बरोबर. आकडे बरोबर.
मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.
मला वाटलं, अरे, माझा बाप तुझ्या तोंडात कसा आला,
इतका स्वच्छ,
ज्याच्या शर्टाला कसलाच वास येत नाही असा?

मग तो म्हणाला,
"महिन्याच्या तीसही रात्री
हा माणूस कंदील घेऊन पाण्यावर जातो."

माझा हात वर गेला.
मी नेला नाही. गेला.

(ओमेना उजेडाला भुलते.
पुनवेच्या आसपास सगळं सरोवरच उजळलेलं,
तिथे कंदिलाला कोण विचारतं.
तो आठवडा बाबा घरी असतात,
जाळी सांधतात, कारण नसताना चिडतात,
आणि जेवताना म्हणतात, आज भूकच नाही.)

"वक्त्यानं सांगावं,
पुनवेच्या रात्री होडी किती मासळी आणते?"

त्यानं कागद चाळले.
"नेहमीएवढीच," म्हणाला.
आधी काठावरची आमची पोरं हसली,
मग सगळं सभागृह.

पुढे काही अवघड उरलं नाही.
मी म्हणाले, चंद्र दर महिन्याला सरोवर बंद करतोच,
त्याच्यावर कुणी मोर्चा नेत नाही.
चार महिने म्हणजे जरा लांबलेली पुनव.
वाक्य इतकं सुरेख जमलं
की मला माझीच भीती वाटली.
पण थांबले नाही.
म्हणाले, माझ्या ओळखीचे एक मच्छीमार
परवा पहाटे जाळं झटकताना पुटपुटले,
"ही तर पाळण्यातलीच उचलून आणली."

माझ्या ओळखीचे एक.
असंच म्हणाले मी.

घंटा झाली. निकाल लागला.
बक्षीस म्हणून एक जाडजूड शब्दकोश,
मटाटूत तो मांडीवर घेऊन बसले
तर पाय मुंगावले.

बाबा होडीवर निघायच्या तयारीत होते.
जिंकलीस? जिंकले.
कशावर होतं? सांगितलं.
माझी बाजू कोणती, ते त्यांनी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.
म्हणाले, समोरचा पोरगा काय बोलला?

मी किरागूचं भाषण म्हणून दाखवलं.
पहिल्यापासून, हात पसरून,
चुलीपाशी आवाज तसाच खाली आणून.
फक्त तीसच्या जागी
तेवीस म्हणाले.

बाबा एका पायात रबरी बूट घालून
दुसरा हातात धरून ऐकत राहिले.
मग म्हणाले,
"चांगलं बोलला की.
हरला कसा?"

कंदिलाची काच पुसून झाली होती.
मी ती पुन्हा पुसली.